क्रूझचं पॅकेज घेण्याआधी प्रवासाचा तक्ता वाचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नवरा-बायको, बारा आणि सात वर्षांची दोन मुलं आणि सत्तरी ओलांडलेली आई असे पाच जण, सात रात्रींची पहिलीच क्रूझ. पहिल्या पानावरचं भाडं परवडेल असं वाटलं. पण पुढच्या पानांवर पेयं, वाय-फाय, खास रेस्टॉरंट, सहली, टिप, विमा असं एकेक जोडत गेल्यावर आकडा दुपटीच्या जवळ पोचला. यातलं काय घ्यावं, काय सोडावं आणि बाल्कनीची केबिन खरंच लागते का?

मी सहा वर्षं जहाजावर, प्रवाशांच्या मदत-कक्षात काम केलं आणि त्यानंतरची तेरा वर्षं क्रूझची बुकिंगच करते आहे. मदत-कक्षासमोर सर्वांत लांब रांग शेवटच्या रात्री लागते. लोक हातात बिल घेऊन उभे असतात आणि बहुतेकांचं म्हणणं एकच असतं: हे घेतलं तेव्हा एवढं होईल असं वाटलं नव्हतं. फसवणूक क्वचित असते. बहुतेक वेळा निर्णयांचा क्रम चुकलेला असतो.

म्हणून त्या जोड-पॅकेजच्या पानांना आत्ता हात लावू नका. आधी प्रवासाचा तक्ता उघडा. कुठल्या दिवशी कुठलं बंदर, जहाज किती वाजता लागणार, किती वाजता सुटणार, हे त्यात असतं. कागद घेऊन दोन आकडे काढा: संपूर्ण दिवस समुद्रात किती आणि बंदरात किती. पश्चिम भूमध्य समुद्रातल्या सात रात्रींत पाच-सहा बंदरं आणि एखादाच समुद्री दिवस असतो. कॅरिबियनमध्ये साधारण तीन-चार बंदरं आणि दोन-तीन समुद्री दिवस. वसंतात आणि शरदात जहाजं एका भागातून दुसऱ्या भागात हलवतात, तेव्हाच्या अटलांटिक-पार फेऱ्यांत सलग सहा-सात दिवस जमीन दिसत नाही. या तीन फेऱ्यांना लागणारी पॅकेजं पूर्णपणे वेगळी असतात. बुकिंगचं पान मात्र तिघांनाही तीच विकतं.

तक्ता वाचताना बंदराचं नाव नीट बघा. ‘रोम’ लिहिलेलं असतं, जहाज लागतं चिविताव्हेकियाला, रोमपासून रस्त्याने सुमारे ८० किलोमीटरवर. ‘पॅरिस’ म्हणजे ल हाव्र, तिथून पॅरिस जवळजवळ २०० किलोमीटर. ‘बर्लिन’ म्हणजे वार्नेम्युंडे, एका बाजूलाच साधारण तीन तास. ‘फ्लॉरेन्स’ म्हणजे लिव्होर्नो. व्हेनिसचं तर चित्रच बदललं: १ ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या जहाजांना ज्युडेक्का कालव्यातून जायला बंदी आहे, त्यामुळे ‘व्हेनिस’ म्हणून विकलेल्या कित्येक फेऱ्या प्रत्यक्षात राव्हेन्ना किंवा त्रिएस्तेहून सुटतात. सकाळी सातला जहाज लागून संध्याकाळी सहाला सुटणार असेल, तर अशा ठिकाणी शहरात हातात पाच-सहा तास राहतात. हे बुकिंगआधी कळलं तर दुसरी फेरी निवडता येते. नंतर कळलं तर फक्त हळहळ.

आता केबिन. तुमच्या बाबतीत सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा, कारण पॅकेज नंतर रद्द करता येतं, केबिन सहसा बदलता येत नाही.

जहाज दोन तऱ्हांनी हलतं: डावी-उजवीकडे झुलतं आणि नाक-शेपूट वर-खाली होतं. बाजूचे पंख, म्हणजे स्टॅबिलायझर, झुलणं बरंच कमी करतात. नाक-शेपटीचं वर-खाली होणं ते थांबवू शकत नाहीत. म्हणून आईंसाठी केबिन जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यांवर घ्या. सगळ्यात वरच्या मजल्यावरची, पुढच्या टोकाची केबिन दिसायला भारी असते आणि वाऱ्याच्या दिवशी तिथेच सगळ्यात जास्त हलतं. लिफ्टपासून तीन-चार केबिन लांब असावी: चालणं कमी पडतं आणि लिफ्टसमोरच्या गप्पा कानावर येत नाहीत.

मग डेक प्लॅन, म्हणजे जहाजाच्या मजल्यांचा नकाशा, उघडा आणि निवडलेल्या केबिनच्या थेट वर आणि थेट खाली काय आहे ते बघा. हे जवळजवळ कोणीच करत नाही. एका वृद्ध जोडप्याने हौसेने वरच्या मजल्यावरची केबिन घेतली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला काका मदत-कक्षात आले, शर्टाची बटणं उलटसुलट लावलेली, डोळे लाल. पहाटे पाचपासून डोक्यावर काहीतरी खरखर ओढलं जात होतं. मी प्लॅन उघडला. बरोबर वर पोहण्याचा तलाव. कर्मचारी पहाटे डेक धुऊन आरामखुर्च्यांच्या रांगा लावतात, त्या ओढण्याचा आवाज. जहाज भरलेलं होतं, बदलून द्यायला एकही केबिन नव्हती. मी त्यांना कानात घालायचे बोळे दिले, आणखी काही करता आलं नाही. ते दोघं सात रात्री तिथेच झोपले. तेव्हापासून मी एक नियम पाळते: वर आणि खाली दोन्हीकडे केबिनच असलेली केबिन घ्यायची. तलावाखाली, बुफेच्या भटारखान्याखाली, नाट्यगृहावर किंवा नाइट क्लबवर नाही. दोन केबिनींमध्ये दार असलेली केबिनही, पलीकडे आपलीच माणसं नसतील तर, टाळा. त्या दारातून शेजारचा टीव्हीसुद्धा ऐकू येतो.

‘गॅरंटी’ नावाचा स्वस्त पर्याय दिसेल. त्यात प्रकार पक्का मिळतो, केबिनचा नंबर कंपनी नंतर ठरवते. तरुण जोडप्याला मी तो आनंदाने घेऊ देते. आई बरोबर असताना घेऊ नका. त्यात तलावाखालची केबिन पदरात पडली तर तक्रारीला जागा राहत नाही.

पाच जणांना एका केबिनमध्ये कोंबण्याऐवजी दोन केबिन घ्या. बारा वर्षांची मुलगी आजीबरोबर, धाकटा तुमच्याबरोबर. भाडं दोन माणसांच्या हिशेबाने आखलेलं असतं, तिसऱ्या-चौथ्याचं बरंच कमी असतं. तरी दोन केबिन म्हणजे दोन न्हाणीघरं, आणि सकाळी आठला बंदरात उतरायचं असताना त्याची किंमत कळते. कधी कधी चार खाटांची केबिन रिकामी दिसते, पण चौघांसाठी मिळत नाही. प्रत्येक विभागाच्या जीवरक्षक नौकांत ठरावीकच जागा असतात आणि त्या भरल्या की तिसरा-चौथा माणूस घेता येत नाही. म्हणून कुटुंबाने लवकर बुकिंग करावं, हे मी अगदी ठासून सांगते.

बाल्कनीबद्दल सरसकट उत्तर नाही, पण तुमचा तक्ताच ते देईल. नॉर्वेचे फ्योर्ड, म्हणजे उंच कड्यांमधल्या चिंचोळ्या खाड्या, असतील किंवा अलास्कातली हिमनद्यांची फेरी असेल, तर बाल्कनी घ्या, इतर काहीही कमी करा. तिथे दृश्य केबिनच्या दारात येतं आणि आई गुडघे दुखत असतानाही खुर्चीत बसून ते बघू शकतात. रोज बंदर असलेल्या फेरीत मात्र तुम्ही दिवसभर बाहेर आणि संध्याकाळी दमलेले असता. तिथे एक केबिन बाल्कनीची आणि समोरच बोळापलीकडे खिडकी नसलेली आतली केबिन, ही जोडी छान जमते. दिवसा सगळे बाल्कनीच्या केबिनमध्ये जमतात. दोन गोष्टी तपासा. ‘अडथळ्याची खिडकी’ असं बारीक अक्षरात असेल तर समोर जीवरक्षक नौका टांगलेली असते. आणि २००९ साली आलेल्या ओएसिस ऑफ द सीज या जहाजापासून अशा बाल्कनीही आहेत ज्या जहाजाच्या आतल्या बागेवर उघडतात. बाग सुंदर आहे, मला ती आवडतेही. पण समुद्र बघायला म्हणून घेतली तर मन खट्टू होईल.

एवढं ठरल्यावर पेयांचं पॅकेज. वरकड खर्चातला सगळ्यात मोठा आकडा हाच असतो आणि गोमही इथेच आहे. पाणी, साधा चहा-कॉफी, बुफेतलं काही सरबत, बहुतेक कंपन्यांत न्याहारीचा रस हे भाड्यातच असतं. पॅकेज मद्य, मॉकटेल, शीतपेयं, मशीनची कॉफी यांच्यासाठी. ते फेरीच्या प्रत्येक दिवसासाठी घ्यावं लागतं, सुटे दिवस निवडता येत नाहीत. अनेक मोठ्या कंपन्यांत एका केबिनमधल्या एका प्रौढाने मद्याचं पॅकेज घेतलं तर त्याच केबिनमधल्या दुसऱ्या प्रौढालाही घ्यावं लागतं. पानावरच्या दरावर अनेकदा १८ ते २० टक्के सेवाशुल्क वेगळं चढतं. एका पेयाच्या किमतीलाही मर्यादा असते, त्यावरची बाटली मागवली तर फरक भरायचा. कार्निव्हल कंपनीच्या ‘चीअर्स’ या पेयांच्या पॅकेजमध्ये २४ तासांत १५ मद्यपेयांची मर्यादा आहे.

हिशेब असा मांडा. सेवाशुल्क धरून रोजचा दर घ्या आणि त्याच जहाजाच्या मेनूतल्या, तुम्ही खरोखर मागवाल त्या पेयाच्या किमतीने भागा. समजा उत्तर सात आलं. मग स्वतःला विचारा: दोघंही, सातही दिवस, रोज सात? बंदराच्या दिवशी तुम्ही नऊ ते पाच जहाजावर नसणार, म्हणजे संध्याकाळी पाच ते अकरात सात. जेवणाबरोबर एक ग्लास वाइन घेणाऱ्या नवरा-बायकोचं हे गणित कधीच जमत नाही. त्यांनी सुट्टं घ्यावं. तीन-चार समुद्री दिवस असतील आणि सकाळच्या मशीनच्या कॉफीपासून रात्रीच्या मॉकटेलपर्यंत सतत काही हातात लागत असेल, तर जमतं. मुलांसाठी मद्यविरहित छोटं पॅकेज मिळतं, तेही याच भागाकाराने तपासा. आई वेगळ्या केबिनमध्ये असल्याने त्यांच्या गळ्यात हा खर्च पडत नाही, दोन केबिनचा हा आणखी एक फायदा.

घ्यायचंच असेल तर जहाजावर चढण्याआधी ऑनलाइन घ्या. चढल्यावरचा दर बहुधा जास्त असतो. आधी घेतलेलं पॅकेज प्रवासाच्या काही दिवस आधीपर्यंत रद्द करून, दर उतरल्यावर पुन्हा घेता येतं. मी माझ्या प्रवाशांसाठी दर आठवड्याला दर बघते, तुम्हीही दिनदर्शिकेवर खूण करून ठेवा. नियम मात्र कंपनीगणिक वेगळे, रद्द करण्याची मुदत आधी वाचा.

वाय-फायचं दुखणं आता बरंच कमी झालंय. रॉयल कॅरिबियनने २०२२ साली स्टारलिंक ही उपग्रहावरून चालणारी इंटरनेट सेवा बसवायची घोषणा केली, मागोमाग इतर मोठ्या कंपन्याही आल्या आणि व्हिडिओ कॉल होऊ लागले. दर उपकरणागणिक असतो. पाच जणांना पाच घेऊ नका. एक किंवा दोन पुरतात. एका फोनवरून बाहेर पडून दुसऱ्यावर सुरू करता येतं. जहाजाचं ॲप पैसे न भरता जहाजाच्या नेटवर्कवर चालतं, पण ते घरून उतरवून या. आणि जहाज सुटायच्या आत सगळ्यांचे फोन विमान-मोडवर टाका, मुलीचासुद्धा. जहाजावर उपग्रहातून चालणारं मोबाइल नेटवर्क असतं, फोन ते आपोआप पकडतो आणि ते तुमच्या रोमिंग पॅकमध्ये सहसा बसत नाही. एका मुलाच्या खिशातल्या फोनने रात्रभरात क्रूझच्या भाड्याच्या पाव हिश्शाएवढं बिल केलेलं मी पाहिलंय.

खास रेस्टॉरंटचं पॅकेज पहिल्या क्रूझला नको. भाड्यातली मुख्य भोजनशाळा उत्तम असते, आणि मुलांना बुफेच जास्त आवडतो. एखादी संध्याकाळ दोघांना हवी असेल तर एकच जेवण सुट्टं आरक्षित करा. पहिल्या रात्री बऱ्याच ठिकाणी सवलत असते. पथ्य किंवा ॲलर्जी असेल तर बुकिंगमध्येच नोंदवा आणि पहिल्या रात्री भोजनशाळेच्या मुख्य वाढप्याशी बोला. तो दुसऱ्या दिवसाचा मेनू आदल्या रात्री दाखवतो आणि आईंचं ताट वेगळं करून देतो. याचे पैसे लागत नाहीत.

किनाऱ्यावरच्या सहलींचा माझा नियम अंतरावर ठरतो. शहर बंदराला लागून असेल तर स्वतः उतरा आणि फिरा. शहर दोन-तीन तास आत असेल तर कंपनीचीच सहल घ्या, महाग असली तरी. कंपनीची बस रस्त्यात अडकली तर जहाज थांबतं, किंवा कंपनी तुम्हाला पुढच्या बंदरावर पोचवते. बाहेरच्या गाडीने गेलात आणि उशीर झाला तर जहाज जातं. परत चढायची वेळ साधारणपणे सुटण्याच्या अर्धा तास आधीची असते, आणि ती जहाजाच्या घड्याळाने. फोन स्थानिक वेळ दाखवतो आणि दोन्हींत एक तासाचा फरक असू शकतो. मी एकदा रेलिंगला उभी होते. शिडी आत ओढली गेली होती, दोरखंड सुटले होते, आणि धक्क्यावरून एक बाई खरेदीच्या पिशव्या टाकून पळत येत होत्या. त्यांचा नवरा माझ्या शेजारी उभा राहून हाका मारत होता. मधलं पाणी तोवर दहा-बारा फुटांचं झालं होतं. धक्क्यावरच्या एजंटने त्यांचा पासपोर्ट हातात दिला. वेळेत न परतलेल्या प्रवाशाच्या केबिनमधून कर्मचारी शक्य असेल तर तो काढून किनाऱ्यावर ठेवतात. पुढच्या बंदरापर्यंतचं तिकीट त्यांचं त्यांनी काढलं. घरातल्या एकाच्या मनगटावर जहाजाच्या वेळेचं साधं घड्याळ ठेवा.

सँटोरिनी किंवा ग्रँड केमनसारख्या ठिकाणी मोठी जहाजं धक्क्याला लागत नाहीत, छोट्या टेंडर बोटीने किनाऱ्यावर नेतात. लाटा असतील तर त्या बोटीत पाऊल टाकणं आईंना कठीण जाईल, आणि चाकाची खुर्ची असेल तर कर्मचारी नाहीही म्हणू शकतात. तक्त्यात ‘टेंडर’ शब्द शोधा. असे दोन-तीन दिवस असतील तर त्यांच्यासाठी दुसरी फेरी बरी. वाऱ्यामुळे एखादं बंदरच गळालं तर? कप्तानाला तो हक्क करारातच असतो. परत मिळतात ते बंदराचे कर आणि कंपनीच्या सहलीचे पैसे. बाहेर काढलेल्या सहलीचे नाही, म्हणून बाहेर बुकिंग करताना ‘जहाज न आल्यास पूर्ण परतावा’ हे लेखी घ्या.

टिपबद्दल मनापासून सांगते. बहुतेक मोठ्या कंपन्या दर माणशी, दर रात्री ठरावीक रक्कम खात्यावर लावतात, मुलांचीही. पहिल्या दिवसापासून ती भाड्याचाच भाग समजा आणि जमल्यास आगाऊ भरा. काही लोक शेवटच्या रात्री ती काढून टाकायला सांगत. माझ्या शेजारच्या खोलीत राहणारी सफाई करणारी मुलगी दिवसात दोनदा डझनापेक्षा जास्त केबिन आवरायची. तिच्या पगाराचा मोठा भाग त्यातून यायचा.

जहाजावरच्या सोयींचं आता इतकं झालंय की नुसतं फिरून सापडत नाहीत. जानेवारी २०२४ मध्ये निघालेलं आयकॉन ऑफ द सीज २,४८,६६३ ग्रॉस टनांचं आहे; टायटॅनिक ४६,३२८ होतं. ग्रॉस टन हे वजन नसून आतल्या जागेचं माप आहे, यावरून त्या जागेची कल्पना करा. त्यावर सात तलाव आणि सहा घसरगुंड्या आहेत. अशा जहाजावर बर्फावरचे, पाण्यातले, नाट्यगृहातले खेळ बहुधा भाड्यात असतात, पण जागा आरक्षित करावी लागते. चढण्याआधी ॲपवर खेळ खुले झाले की त्याच दिवशी पाच जागा धरा. पैसे लागत नाहीत म्हणून लोक विसरतात आणि मग दारातून परततात. मुलांचा क्लब दिवसा भाड्यात असतो, रात्री उशिरा बहुतेक ठिकाणी तासाने पैसे. बारा वर्षं हे वय दोन गटांच्या सीमेवर येतं, मुलगी लहानांत पडणार की मोठ्यांत, हे आधी विचारा. चुकीच्या गटात पडली तर ती क्लबात पाऊल टाकणार नाही. घसरगुंडीला उंचीची अट असते, धाकट्याची उंची मोजून ठेवा.

सुरक्षेची कवायत चुकवू नका. १३ जानेवारी २०१२ रोजी कोस्ता काँकोर्डिया हे क्रूझचं जहाज खडकावर आपटून ३२ जण गेले. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत झालेली नव्हती, कारण तेव्हा ती २४ तासांत घेण्याची मुभा होती. १ जानेवारी २०१५ पासून ती सुटण्याआधी किंवा सुटताच घेणं आंतरराष्ट्रीय नियमाने बंधनकारक आहे. आता बरीचशी फोनवर होते, पण आपल्या जमायच्या जागेवर प्रत्यक्ष जावं लागतं. आईंना हाताला धरून तिथवर चालवत न्या, लिफ्ट न वापरता किती पायऱ्या लागतात ते त्यांनाही कळू द्या.

विमा घ्याच, आणि त्यात वैद्यकीय कारणाने जहाजावरून हलवण्याचा खर्च असावा. जहाजावरचा दवाखाना चांगला असतो, पण पैसे घेतो, आणि गंभीर आजारात रुग्णाला जवळच्या बंदरात उतरवतात. बंदराच्या शहरी एक दिवस आधी पोचा; विमान चुकलं म्हणून जहाज थांबत नाही. तक्त्यातल्या प्रत्येक देशाचा व्हिसा बघा, एकाच देशात दोनदा शिरत असाल तर तो अनेक प्रवेशांचा हवा.

उरलेली रक्कम भरायची तारीख साधारण अडीच-तीन महिने आधी येते. त्या तारखेपर्यंत भाडं उतरलं तर अनेक कंपन्या नवं भाडं लावून देतात, पण आपण मागितलं तरच. जहाजावर रोज रात्री ॲपमध्ये खातं बघा, चुकीची नोंद दुसऱ्या दिवशी पाच मिनिटांत दुरुस्त होते. डेबिट कार्ड जोडू नका: कंपनी खर्चाआधीच रक्कम अडवून ठेवते आणि ती सुटायला उतरल्यावरही कित्येक दिवस लागतात.

तुमच्या जागी मी असते तर मध्यभागी, खालच्या मजल्यावर समोरासमोर दोन केबिन घेतल्या असत्या. आगाऊ टिप, विमा, वाय-फायची दोन उपकरणं आणि लांबच्या एका शहराची कंपनीची सहल घेतली असती. पेयांचं आणि रेस्टॉरंटचं पॅकेज सोडलं असतं. तुमच्या फेरीत तीन किंवा त्याहून जास्त समुद्री दिवस निघाले, तर पेयांचा भागाकार तेवढा पुन्हा करून बघा.